'दुर्लक्षित' फ्रॅक्चर : दुर्लक्ष केले कोणी?

हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत एक शब्द आहे, 'निग्लेक्टेड फ्रॅक्चर'. म्हणजे दुर्लक्षित फ्रॅक्चर. मांडीचे हाड वर जाऊन खुब्याच्या वाटीत बसते. त्याचा चेंडूसारखा गोल भाग म्हणजे डोके आणि त्याच्या लगेच खालचा निमुळता भाग म्हणजे मान. ही मान मोडली, साधारण तीन आठवडे उलटले आणि तरी नीट उपचार झाले नाहीत, की रुग्णाच्या कागदावर हा शब्द येऊन पडतो. डॉक्टर तो सवयीने लिहितात. त्यांच्या मनात काही वाकडे असते असे आम्ही म्हणत नाही. पण या शब्दाचे व्याकरण बघा. दुर्लक्ष झाले एवढेच त्यात आहे, ते केले कोणी ते नाही. वाक्यातला कर्ता गायब आहे. आणि कर्ता गायब असला की वाचणारा तो आपल्या मनाने भरतो : अडाणी लोक, हाडवैद्याकडे गेले असतील, दारू पिऊन पडला असेल, वेळेवर आले नाहीत.

हा लेख त्या गायब कर्त्याच्या शोधात लिहिला आहे.

नशिराबाद जळगाव आणि भुसावळच्या मधे, महामार्गाला चिकटून वसलेले आहे. टोल नाका आमच्या गावाच्या नावाने ओळखला जातो, सिमेंटचा कारखाना आमच्या शिवारात आहे, आणि वस्तीतली निम्मी पोरे रोज सकाळी मोटरसायकलवर, एकावर तिघे बसून, जळगावच्या एमआयडीसीत जातात. कोणी चटईच्या कारखान्यात, कोणी डाळ मिलमध्ये, कोणी पाईपच्या. उरलेले बांधकामावर, नाहीतर केळीच्या गाड्या भरायला. या कामांत माणूस उंचावरून पडतो, घसरतो, रस्त्यावर उडवला जातो. म्हाताऱ्या माणसाची मांडीची मान न्हाणीघरात नुसते घसरल्यानेही मोडते, कारण हाड पोकळ झालेले असते. पण पंचविशीतल्या, तिशीतल्या माणसाची मान मोडायला मोठा आघात लागतो. मचाण लागते, ट्रक लागतो. म्हणजे तरुण वयातले हे फ्रॅक्चर बहुतेक वेळा कष्टाच्या आणि रस्त्याच्या पोटातून येते.

आता शरीर काय करते ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचे भांडण नुसतेच भाषण होईल.

मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मुख्यतः मानेला लगटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. मान मोडली, तुकडे सरकले, की या वाहिन्या ताणतात, पिळवटतात किंवा तुटतात. रक्त थांबले तर डोक्याचे हाड आतल्या आत मरू लागते. त्याला एव्हीएन म्हणतात, आणि हे तीन अक्षरी नाव आता आमच्या वस्तीतही लोकांना पाठ झाले आहे. दुसरीकडे मानेचे मोडलेले तोंडही सहजी जुळत नाही. नडगी मोडली तर तिच्याभोवती नवे हाड धरते. मान सांध्याच्या आत, सांध्याच्या पाण्यात बुडालेली असते आणि तिच्यावर ते नवे हाड तयार करणारे जाड आवरण नसते. म्हणून तरुण माणसाची मान मोडली तर शक्य तितक्या लवकर हाड जागेवर बसवून स्क्रूने आवळायचे, हा नियम. दिवस वाया गेले की मोडलेली टोके झिजत जातात, मान आखूड होते, पाय आखूड होतो.

इथे बोन ग्राफ्ट येतो. ग्राफ्ट म्हणजे कलम. आंब्याचे, बोराचे कलम बांधणाऱ्या शेतमजुराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पोटरीत नडगीच्या शेजारी एक बारीक, लांब हाड असते, फिब्युला. शरीराचे वजन मुख्यतः नडगी पेलते, त्यामुळे या बारीक हाडाचा मधला तुकडा काढून घेतला तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचा भाग मात्र राखावा लागतो. तो तुकडा मानेत बोगदा करून, मोडलेल्या जागेच्या आरपार, डोक्यापर्यंत ठोकून बसवायचा आणि जोडीला स्क्रू घालायचे. तुकडा खुंटीसारखा आधार देतो आणि हाड जुळायला बीही पुरवतो. कधी कमरेच्या हाडाचा चुरा भरतात, कधी मांडीच्या मागच्या स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा स्नायूसकट, म्हणजे त्याच्या रक्तपुरवठ्यासकट, फिरवून मानेवर बसवतात. मायर्स नावाच्या अमेरिकन सर्जनने 1970 च्या दशकात ही स्नायूसकटची पद्धत रूढ केली. पोटरीच्या हाडाचे कलम आणि स्क्रू ही जोडी नागी आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडली. कोलकात्याच्या बक्षींनी स्नायूसकटच्या कलमावर वर्षानुवर्षे काम केले.

या यादीत भारतीय नावे उगाच येत नाहीत. उशिरा आलेल्या मानेच्या फ्रॅक्चरवर भारतीय सर्जनांनी एवढे डोके का चालवले? कारण उशिरा येणारा रुग्ण त्यांच्या दारात रोज होता. श्रीमंत देशात अशा माणसाला त्याच दिवशी टेबलावर घेतात. दुर्लक्षित फ्रॅक्चरचे शास्त्र गरीब देशात वाढले आहे, आणि त्याचे श्रेय जितके सर्जनच्या हाताला तितकेच त्या उशिराला द्यावे लागेल. आम्ही समाजशास्त्र शिकताना वर्ग, जात, असमानता असे शब्द पाठ केले. त्या शब्दांना हाड असते हे एक्स-रे बघताना कळले.

तर ते तीन आठवडे कुठे जातात?

पहिला आठवडा गुडघ्यात जातो. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीच्या आतल्या बाजूने उतरून गुडघ्यात जाणवते, कारण दोन्हीकडे जाणारी मज्जातंतूची वाट एकच. माणूस गुडघा धरून जातो, गुडघ्याचा फोटो निघतो, फोटो स्वच्छ येतो, आणि "मुका मार आहे" म्हणून दुखणे थांबवायच्या गोळ्या मिळतात. त्यातच मानेचे तुकडे कधी कधी एकमेकांत रुतून बसतात. अशा पायावर माणूस लंगडत का होईना चालतो. चालतो म्हणजे मोडलेले नाही, असे घरातले म्हणतात, ठेकेदार म्हणतो, आणि गल्लीतला सुई देणारा तर शपथेवर सांगतो.

दुसरा आठवडा मजुरीत जातो. लंगडणारा माणूस दोन दिवस घरी बसतो आणि तिसऱ्या दिवशी जातो, कारण हजेरीवर पैसे आहेत. तिसरा आठवडा उधारी गोळा करण्यात. मग केव्हातरी रुतलेले तुकडे सुटतात, पाय बाहेरच्या अंगाला पडतो, आणि रिक्षातून सरकारी दवाखाना गाठला जातो. तिथे कागदावर लिहिले जाते : दुर्लक्षित.

आता सांगा, यात दुर्लक्ष कोणत्या ओळीत झाले?

आमच्याच काही शिकलेल्या मित्रांना याचे उत्तर 'दारू' असे वाटते. बदलीच्या नोकरीत शहरात स्थिरावलेले, जयंतीला गावी येऊन वस्तीला उपदेश करणारे हे मित्र. दारूबद्दल आम्हाला त्यांच्याकडून काही शिकायचे नाही. पंचशीलातले पाचवे शील आम्ही रोज म्हणतो आणि भट्ट्यांविरुद्ध वस्तीतल्या बायांसोबत उभे राहिलेलो आहोत. जास्त दारूने मांडीच्या हाडाचे डोके मरू शकते हे वैद्यकीय सत्य आहे, ते आम्ही झाकून ठेवणार नाही. पण त्याच यादीत तितक्याच वरच्या जागेवर स्टेरॉइड आहे. आणि आमच्या गावोगावी 'ताकदीची सुई' म्हणून, सांधेदुखीची 'आयुर्वेदिक' पुडी म्हणून स्टेरॉइड पोटात आणि रक्तात जाते. ते घेणारा माणूस व्यसनी नसतो. उद्या कामावर जाता यावे म्हणून तो ती सुई घेतो. एका माणसाच्या हाडाला दोन कारणे असताना ज्यात त्याचा दोष काढता येतो तेवढेच कारण उचलणे, याला निदान म्हणत नाहीत. ही जुनी सवय आहे : अस्पृश्य घाणेरडा म्हणून अस्पृश्य, असे म्हणणाऱ्यांनी त्याला पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते हे सोयीस्करपणे विसरायचे.

स्टेरॉइडवरून 2021 ची एक गोष्ट आठवते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात एव्हीएनचे तीन रुग्ण आढळले. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघांनाही कोरोनाच्या उपचारात स्टेरॉइड दिलेले. डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापले आणि जुलैत वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. बातमीत एक तपशील होता, ज्याकडे कोणी फारसे बघितले नाही. ते तिघेही स्वतः डॉक्टर होते. खुब्यात दुखू लागताच त्यांना काय असू शकते हे कळले आणि ते धावत आले.

त्या तिघांबद्दल आमची तक्रार नाही, त्यांचे हाड वाचावे असेच आम्हाला वाटते. पण एव्हीएनमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. डोके अजून गोल आहे तोवर औषध, भोक पाडून आतला दाब कमी करणे, त्या भोकात हाडाचे कलम भरणे, असे उपाय उरतात आणि स्वतःचा सांधा वाचू शकतो. डोके खचले, चपटे झाले, की कलमाला धरायला काही राहत नाही. मग कृत्रिम सांधा. म्हणजे ज्याला दुखण्याचे नाव आधीच माहीत आहे त्याचा सांधा वाचतो, आणि ज्याचा एक्स-रे 'नॉर्मल' म्हणून परत येतो त्याचा जातो. मोडलेल्या मानेतही हेच घडते आणि मेलेल्या डोक्यातही.

'मग सांधा बदला की,' असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या वस्तीत येऊन बसावे. जमिनीवर बसावे. मांडी घालून जेवावे, उकिडवे बसून भांडी घासावीत, भारतीय पद्धतीच्या संडासात जावे, केळीचा घड खांद्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढावे. कृत्रिम खुबा बसवलेल्या माणसाला डॉक्टर नेमके हेच करू नको म्हणून बजावतात, कारण सांधा निखळू शकतो. तिसाव्या वर्षी बसवलेला सांधा झिजून आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याचा धोका वेगळाच. खुर्चीवर पगार मिळणाऱ्याला कृत्रिम सांधा नवे आयुष्य देतो. हमालाला तो जिवंत ठेवतो आणि हमालीतून काढून टाकतो. म्हणून तरुण कष्टकऱ्याचा स्वतःचा सांधा वाचवणे ही चैन नाही, ती त्याची रोजी आहे.

"पण आता सगळे फुकट आहे ना!" हा दुसरा आक्षेप, आणि तो राजकीय मंचावरून जास्त येतो. योजना आहेत, हे खरे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला धुळे जिल्हा होता, पुढच्या वर्षी ती जळगावसह राज्यभर झाली. नंतर तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि 2023 मध्ये दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सगळ्यांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे 2025 मध्ये दीड लाखापर्यंत, सात दिवसांच्या विनारोकड उपचाराची योजना अधिसूचित केली. महामार्गावरच्या गावातल्या प्रत्येक तरुणाला ही योजना पाठ असली पाहिजे. आम्ही या योजनांच्या विरोधात नाही. त्या कागदावरून माणसापर्यंत आणण्यात आमचे दिवस जातात.

पण योजना रुग्ण भरती झाल्यावर जागी होते. भरती होण्याआधीचे तीन आठवडे, गुडघ्याचा फोटो, मुक्या माराच्या गोळ्या, बुडालेली हजेरी, हे तिच्या हिशेबात नाही. आणि ऑपरेशननंतरचे महिनेही नाहीत! हाडाचे कलम बसवले की त्या पायावर भार द्यायचा नसतो. दीड-दोन महिने, कधी तीन, कुबड्यांवर. कलम रुजतेय की नाही हे दर काही आठवड्यांनी फोटो काढून बघायचे. घाई केली तर स्क्रू हलतो, कलम मोडते, सगळे वाया. आता हजेरीवर जगणाऱ्या माणसाला सांगा, तीन महिने पाय टेकवू नको. तो हो म्हणतो. दुसऱ्या महिन्यात घरातला किराणा संपतो आणि तो पाय टेकवतो. मग पुढच्या तपासणीत कागदावर आणखी एक शब्द येतो, 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत'. पुन्हा कर्ता तोच.

शस्त्रक्रिया फुकट आणि भाकरी विकत, अशा व्यवस्थेत हाड जुळत नाही.

ही गोष्ट ज्या माणसाला आठ दशकांपूर्वी कळली होती त्याचा फोटो आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आपण बाबासाहेबांना संविधानकार म्हणून इतके मोठे केले की हा मजूर मंत्री आपल्याच पोरांना माहीत नाही. त्यांच्याच खात्याच्या काळात, मार्च 1943 मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि ऑगस्ट 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. या योजनेचे मर्म औषधात नाही, औषधाबरोबर मिळणाऱ्या पैशात आहे. आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के. कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आले तर 90 टक्के, जोवर ते टिकेल तोवर. कामावर लागल्याच्या पहिल्या दिवशी पडला तरी. 2010 च्या दुरुस्तीने घरातून कामावर जाता-येतानाचा अपघातही यात आला. म्हणजे नशिराबादहून एमआयडीसीला निघालेला पोरगा टोल नाक्याजवळ उडवला गेला, तर तोही.

तीन महिने पाय टेकवू नको, ही सूचना पाळता येईल अशी सोय देशात आहे. कलम रुजवणारे खत कायद्यात पडलेले आहे! मग ते आमच्या माणसाच्या मुळाशी का पोचत नाही?

कारण त्याचे नाव कुठल्या रजिस्टरात नाही. दहा किंवा जास्त कामगार आणि महिन्याला 21 हजारांपर्यंत मजुरी, असे असेल तर नोंद झाली पाहिजे. म्हणून आठ दाखवायचे आणि तीस राबवायचे. किंवा कारखान्याचा कामगार ठेकेदाराचा दाखवायचा, ठेकेदाराने तो आपल्या मेहुण्याचा दाखवायचा. अपघात झाला की ठेकेदार पाच हजार हातात देऊन "मोटरसायकलवरून पडलो असे सांग" म्हणतो. आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणा एका ठेकेदाराचे राहिलेले नाही. आणि इथेही शहाणे लोक विचारतात, कामगाराने खोटे का सांगितले? उद्या पाय बरा झाल्यावर त्याच दारात जायचे आहे म्हणून सांगितले. नोंद नसली तरी नुकसानभरपाईच्या कायद्याचे दार उघडे असते. पण त्या दारात जायला पुरावा लागतो, आणि पुरावा पाच हजारांना विकला गेलेला असतो.

एक निकालही चळवळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. 8 जुलै 1992 च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात त्याला फिरवण्यात आले. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे 17 हजार रुपये खर्चून उपचार झाले. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्याला 25 हजार रुपये भरपाई मिळाली. लक्षात घ्या, न्यायालयाने 'उपचार' एवढेच म्हटले नाही, 'वेळेवर' म्हटले. आणि दुसरी गोष्ट, त्याच्यामागे संघटना होती. हकीम शेख एकटा असता तर त्याच्याही कागदावर काहीतरी कर्मणी वाक्य लिहून विषय संपला असता.

हाड मोडल्याशिवायही हे डोके मरते, त्याबद्दल थोडे. सिकलसेलच्या रुग्णात कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडाचे डोके त्यांचे ठरलेले शिकार. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल वस्त्यांत हा आजार आहे. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात तो असल्याचे 1950 च्या दशकापासून नोंदवले गेले आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांची संघटना बांधली, त्यासाठी आयुष्य घातले, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. केंद्राचे निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सुरू झाले आणि 2047 ची मुदत ठरली. तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. पण कार्ड असलेल्या मुलाच्या खुब्यात दुखले तर एमआरआय कोण करणार, कुठे, किती दिवसांत, हे त्या कार्डावर नाही.

काही मंडळी यात जातीचे रक्त शोधतात. 'त्यांच्या रक्तातच दोष.' त्यांनी बाबासाहेबांचा 1916 चा कोलंबियातला निबंध वाचावा. जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न, हे तिथे सिद्ध केले आहे. हे जनुक हिवतापाच्या मुलखात टिकले, कारण एकाच पालकाकडून ते आलेल्या मुलाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. आणि ते ठरावीक समूहांत कोंडून राहिले ते या लग्नाच्या कुंपणामुळे. कुंपण ज्यांनी घातले त्यांनीच आतल्यांच्या रक्ताला नावे ठेवायची!

आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही. आमचे दुखणे आमच्या बोलीत ऐकणारा डॉक्टर कोण? 'मांडीत ओढ लागते' याचा अर्थ गुडघा नव्हे, हे ज्याने स्वतःच्या घरात ऐकले आहे, तो. अशी एक डॉक्टर आमच्या जळगाव जिल्ह्याने मुंबईला पाठवली होती. आदिवासी तडवी समाजातली डॉ. पायल तडवी, स्त्रीरोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी. 22 मे 2019 ला नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात तिने जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर खटला उभा राहिला. राखीव जागेवरचा डॉक्टर 'मेरिट'चा नसतो म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, तीन आठवड्यांचा उशीर कमी करण्याचे जे मेरिट आहे ते फक्त आमच्या घरातून आलेल्या डॉक्टरकडे असते. कारण रुग्ण त्याला खरे सांगतो. ठेकेदाराचे वाक्यसुद्धा सांगतो.

आता आपल्या माणसांशी. चळवळीत आरोग्य हा 'सेवे'चा विषय समजला जातो, संघर्षाचा नाही. रक्तदान शिबिर घेतले, फळे वाटली, फोटो टाकला. विनयपिटकात अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला जमवून विचारले की याच्याकडे कोणी का बघितले नाही. धुणे ही सेवा झाली. संघाला जमवून जाब विचारणे, हे त्या गोष्टीतले अर्धे काम आपण गाळून टाकले आहे. जयंतीच्या डीजेला जेवढी वर्गणी पडते तेवढ्यात दोन-चार पोरांचे एमआरआय सहज होतात, हे आम्ही बैठकीत बोललो तेव्हा शांतता पसरली. त्या शांततेलाही कर्ता आहे.

आम्ही वस्तीत सध्या एवढेच सुरू केले आहे. पडलेल्या, उडवलेल्या प्रत्येक माणसाच्या गुडघ्याबरोबर खुब्याचाही फोटो मागायचा. त्यात काही दिसले नाही पण टाच टेकवता येत नसेल, किंवा पाय आत वळवताना जांघेत कळ येत असेल, तर 'मुका मार' मान्य करायचा नाही, पुढची तपासणी लेखी मागायची. अपघात कुठे झाला ते पहिल्याच केसपेपरवर खरे लिहून घ्यायचे, ठेकेदार यायच्या आत. आणि कुबड्यांवरच्या माणसाच्या घरी तीन महिने धान्य पोचवायचे. हे शेवटचे काम ईएसआयचे आहे, विहाराच्या दानपेटीचे नाही, हे आम्हाला पक्के माहीत आहे. म्हणून धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर त्या कारखान्याच्या नावाने एक तक्रार जाते.

माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहून तयार आहेत. ज्यांना आपापल्या तालुक्यात टाकायचे असतील त्यांनी घेऊन जावेत. पहिला कामगार विम्याच्या कार्यालयाला : एमआयडीसीतल्या किती कारखान्यांची नोंद आहे, गेल्या तीन वर्षांत किती तपासण्या झाल्या, तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे किती कामगारांना मिळाले. दुसरा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला : मांडीच्या मानेचे फ्रॅक्चर घेऊन पन्नाशीच्या आतले किती रुग्ण आले, अपघातानंतर कितव्या दिवशी आले, त्यातल्या किती जणांना त्याआधी दुसऱ्या कुठल्या दवाखान्याने तपासून परत पाठवले होते, आणि ऑपरेशन ठरल्यापासून ते होईपर्यंत किती दिवस गेले.